पाखरांची आणेवारी

परवा माकुणसारच्या बांधावर दोन मुली भेटल्या. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या आणि हातातल्या फोनवर कसल्याशा उभ्या पट्ट्या. कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात दिसायची शक्यता किती, ते म्हणे पट्टीच्या उंचीवरून कळतं. पट्टी उंच असली तर पक्षी बहुतेक दिसणार, बुटकी असली तर नशिबावर हवाला. "काकू, या आठवड्यात इथे कोरल दिसायचा चान्स चांगला आहे," त्यातली एक म्हणाली. मला हसू आलं. म्हातारी बाई उगाच हसली की पोरींना वाटतं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून सांगून टाकलं, "अगं, तुझा फोन जन्माला यायच्या आधी आमच्या घरात ही पट्टी होती. तिला आम्ही आणेवारी म्हणायचो." बिचाऱ्या सभ्य होत्या, ऐकून घेत होत्या, पण भरती चढत होती आणि त्यांचं सगळं लक्ष मिठागराकडे. माझं बोलायचं राहून गेलं. आणि राहून गेलेलं बोलणं मला पचत नाही.

आणेवारी आमच्या भाऊंची. भाऊ म्हणजे माझे सासरे. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही. तलाठी होते. अर्धी नोकरी मासवणच्या बाजूला, डोंगरात, बाकीची वैतरणेच्या खाडीकाठी. तलाठ्याच्या कामांतलं एक काम आणेवारीचं. पीक उभं असताना बांधावर जायचं, नजरेने जोखायचं आणि सांगायचं, यंदा पीक किती आणे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं गेलं तर आठ. पुढे सरकारने पैसे केले तरी भाऊंच्या तोंडातून आणे गेले नाहीत. निवृत्त झाले आणि जोखायला शेतं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी पाखरं धरली.

मिठागरं घरापासून हाकेच्या अंतरावर. माघ सरला की थंडीत आलेली पाखरं परतीच्या वाटेला लागतात. दक्षिणेकडची आपल्याकडे टेकतात, खातात, जाड होतात आणि एक दिवस उठून उत्तरेला जातात. आज आहेत, उद्या नाहीत. या दोन महिन्यांत कोण दिसेल, कोण नाही, त्याचा अंदाज भाऊ कॅलेंडरच्या पाठीवर आण्यांत मांडायचे. शेकाट्या, चौदा आणे. तुतवार, तेरा. कोरल, बारा. थापट्या बदक, सहा, कारण फाल्गुनात तो निघण्याच्या घाईत असतो. रोहित, म्हणजे मोठा गुलाबी, एक आणा. "आठच्या वर असेल तर चपला घालून निघावं," ते म्हणायचे, "चाराच्या खाली असेल तर घरीच बसून त्याची आठवण काढावी."

सोळा आणे मात्र कुणालाच नाहीत. कावळ्यालासुद्धा नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, "अहो भाऊ, कावळा नाही असा दिवस दाखवा मला!" तर म्हणाले, "पीक घरात येईपर्यंत सोळा आणे लिवायचे नाय, बाय. लिवणारा एकतर देव असतो, नायतर शेतावर न गेलेला तलाठी." माझ्या कालवणाला अकरा आणे मिळायचे. एकदा तेरा मिळाले तर माझा नवरा ताटावरून उठून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बढतीला भाऊंनी तीन आणे दिले होते, आणि ते तीनही जास्तच निघाले.

मी मूळची सांगोल्याकडची. माझा भाऊ बोईसरच्या एका कारखान्यात होता, माझा नवराही तिथेच, तिथून सोयरीक जमली. लग्न होऊन आले तेव्हा ही खाडी बघून मला धडकीच भरली होती. आमच्याकडे पाणी बघायला आभाळाकडे मान वर करायची, आणि इथे दारात एवढं पाणी, पण घोटभर पिता येईना! हवा खारट, गूळ ओला, पापड मऊ. सुकत घातलेल्या जवळ्याचा वास पहिल्या महिन्यात असा नाकात बसला की मी दोनदा माहेरी जायची पिशवी भरली होती. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. नवऱ्याच्या पाळ्या. कधी सकाळची, कधी दुपारची. घरी यायचा तो कारखान्यातली हिंदी बोलतच. "अरे छोडो ना," असं मला म्हणाला की मी भांडं आपटायची. राहता राहिलो मी आणि भाऊ. भाऊंना मोतीबिंदू झालेला. मी आले तेव्हाच दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. पुढे दुसऱ्या वर्षी तर माणूस उभा आहे का खांब, एवढंच कळायचं.

ऑपरेशन करा म्हणून नवरा सांगून थकला. भाऊ ऐकायला तयार नाहीत. त्यांचा एक जुना सोबती, मंडल अधिकारी, कुठल्याशा शिबिरात डोळा दाखवायला गेला आणि तो डोळा घालवूनच परत आला होता. "पिकू दे अजून," भाऊ म्हणायचे. तेव्हा मोतीबिंदू पिकल्याशिवाय कापत नसत, त्यामुळे त्यांना निमित्तच मिळालं होतं. "पीक तयार झालं की बघू." आणि ते पीक काही तयार होईना.

मग पाखरं बघायची आणि कॅलेंडरवर लिहायचं कोणी? मी. दुसरं होतंच कोण?

भरतीची वेळ काढायला त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती आली की खाडीतला चिखल बुडतो आणि तिथे चरणारी पाखरं झुंडीने मिठागरात येऊन बसतात. म्हणून आमचा दिवस द्वादशीचा. सकाळी आठला निघायचं, शुद्ध असो की वद्य. पुढे मी, माझ्या खांद्यावर भाऊंचा हात, दुसऱ्या हातात त्यांची छत्री. केळीच्या वाडीतून ओलसर सावली, पुढे चिंचेखालून, मग एकदम लख्ख उघडं आभाळ आणि पांढरे चौकोन. आंब्याचा मोहोर मागे पडायचा आणि चिखलाचा आंबूस-खारट वास पुढे यायचा. मला अजूनही तो वास आला की खांदा जड वाटतो.

बांधावर एक दगड होता, त्यावर ते बसायचे आणि मी उभी राहून सांगायची. सुरुवातीला मला काय कळतंय! सगळी पाखरं मला बगळ्याची पोरं वाटायची. "पांढरं हाय" म्हटलं की भाऊ भडकायचे. "रंग शेवटी! रंग फसवतो. पंचनामा कसा करतात? आधी पाय, मग चोच, मग चाल." मग मी पंचनामा करायला लागले. पाय लांब, काडीसारखे बारीक, लाल. चोच सरळ, दाभणासारखी. चालतंय कसं, तर नवी साडी चिखलात भिजू नये म्हणून उचलून चालणाऱ्या बाईसारखं. "शेकाट्या!" भाऊ मांडीवर थाप मारायचे. चोच विळ्यासारखी वाकडी, खाली वळलेली, अंगापेक्षा चोचच मोठी. "कोरल! आवाज ऐक आता, आवाज." आणि खरंच थोड्या वेळाने तो कोरल असा काही लांबट सूर काढायचा की मी पंचनामा अर्धवट सोडून ऐकत राहायची. का ते मला आजही सांगता येत नाही. माहेरची आठवण यायची म्हणा.

तिकडे तिवरांच्या कडेला बोंबील सुकवणाऱ्या बायका असायच्या. त्यातली जानकीबाई फार तोंडाळ. आम्हाला बघितलं की ओरडायची, "काय गं, तुझा सासरा आता पाखरांना पण सातबारा लिवून देल काय?" भाऊ तिथूनच उत्तर द्यायचे, "देन की! पण वारसांची नावं कोण सांगल?" आणि सगळ्या बायका हसायच्या. मीसुद्धा. त्या दोन वर्षांत मी या गावची झाले ती देवळात नाही, पंगतीत नाही, या बांधावर.

आता बोईसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते मी. गच्चीवरच्या टाकीपाशी पाणी सांडतं, तिथे फाल्गुनात एक पिवळा धोबी येतो. शेपटी खालीवर, खालीवर, धुणं आपटल्यासारखी. चार दिवस असतो. रोज सकाळी चहा घेऊन वर जाताना मी मनात आकडा धरते. दहा आणे, नऊ, सात. एक दिवस तो नसतो. सून म्हणते, "आई, तुम्ही पैज कुणाशी लावता?"

त्या मुलींना मला सांगायचं होतं ते एका वर्षाचं.

त्या वर्षी हिवाळा लवकर संपला. माघ वद्य द्वादशीला आम्ही गेलो तेव्हा सगळं ठीक होतं; भाऊंचे काही अंदाज आले, काही गेले, ते खूश. पण फाल्गुन शुद्ध द्वादशीला मिठागराचे दोन कप्पे कोरडे पडलेले. पाखरं नेहमीच्या निम्मी. भाऊ दगडावर बसले आणि म्हणाले, "कोरल बघ. बारा आणे दिलेत."

मी बघितलं. कोरल नव्हता.

"नाही, भाऊ."

"नीट बघ. पलीकडच्या बांधावर."

"नाही."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. तुतवारही नव्हते. म्हणाले, "डोळे गेले ते गेले, आता अंदाजपण जायला लागला." परत येताना एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी. आठवडाभर नुसते ओटीवर बसून. त्यांचा खांद्यावरचा हातसुद्धा हलका झाला होता, आणि मला त्याची भीती वाटायला लागली. मला माझे वडील आठवतच नाहीत, मी दोन वर्षांची असताना गेले. या माणसाने मला पाय-चोच-चाल शिकवली, कालवणाला आणे दिले, माझं भांडं आपटणं ऐकून "आवाजावरून पितळेचं हाय" म्हणाले. हा माणूस असा विझत चाललेला बघून मी काय करावं?

मी खोटं बोलले. झालं.

फाल्गुन वद्य द्वादशीला बांधावर उभी राहिले, समोर सगळीकडे चिखलच चिखल, आणि मी म्हणाले, "आहे भाऊ! कोरल! दोन आहेत." आणि त्यांचा चेहरा उजळला. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तुतवार? आहेत की, चांगले वीसेक. शेकाट्या? हो तर. थापट्या? त्याला त्यांनी सहा आणे दिले होते, म्हणून म्हटलं, नाही हो, तो गेला. रोहित? कसला रोहित! मला वाटलं मी फार हुशार. त्यांनी मोठा अंदाज दिलेलं सगळं हजर केलं, लहान अंदाजाचं सगळं गैरहजर. घरी येऊन भाऊ दोन भाकऱ्या जेवले. चैत्र शुद्ध दशमीला गेलो, तेच. एकादशीला गेलो, तेच. त्या उत्साहात ते रोज जाऊ म्हणायला लागले होते आणि मी बांधावर उभी राहून उघड्या डोळ्यांनी चिखलात पाखरं पेरत होते. पाप लागेल का, असा विचार यायचा. पण त्यांना जेवताना बघितलं की जायचा.

द्वादशीला मी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. कोरल तीन. भाऊंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "बाय, कॅलेंडर आणलंस?" आणलं होतं. "फाल्गुन वद्यापासूनचं सगळं वाच. आधी मी दिलेले आणे, मग काय दिसलं ते."

मी वाचायला लागले. बारा आणे, दिसला. चौदा, दिसला. सहा, नाही. बारा, दिसला. तेरा, दिसला. पाच, नाही. बारा, दिसला.

"बारा आणे म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे. "चार येळा गेलं तर तीनदा दिसल आणि एकदा दिसणार नाय. ती एक येळ कुठं हाय यात? सहा आण्यांचा थापट्या एकदा तरी चुकून दिसाय पायजे का नको? एवढा बरोबर मी सगळ्या नोकरीत कधी आलो नाय." आणि मग, "खोटा पंचनामा मला वासानं कळतो गं."

मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. मी त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यावर, भर बांधावर, जानकीबाई ऐकत असताना! "मग काय करू? तुम्ही जेवत नाही, बोलत नाही, भुतासारखे ओटीवर बसून राहता! मला काय हौस आहे खोटं बोलायची? डोळा दाखवायला यायचं नाही, आणि पाखरू दिसलं नाही की जीव टाकायचा! मी बघायचं तरी किती?" आणि मग रडले. नाक गळेपर्यंत रडले.

भरती उतरायला लागली. मग भाऊंनी हात पुढे केला, हवेतच चाचपडत. मी माझा खांदा त्या हाताखाली नेला.

"मला दिसत नव्हतं तरी मी आंधळा नव्हतो," ते म्हणाले. "तू खरं सांगत होतीस तोवर नव्हतो. आता झालो." आणि उठले. "चल. कुठं तो पालघरचा डॉक्टर म्हणत होता तुझा नवरा?"

पालघरचे डॉक्टर तरुण, हसरे. डोळे तपासले आणि भाऊंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, काही काळजी करू नका. शंभर टक्के दिसणार!" झालं! भाऊ टेबलावरून उतरून चप्पल शोधायला लागले. नवरा म्हणाला, "अरे बाबा, आता काय झालं?" भाऊ म्हणाले, "शेत न बघता लिवणारा हाय हा."

मी खाली वाकून त्यांची चप्पल उचलली आणि पाठीमागे लपवली. म्हटलं, "बारा आणे, भाऊ."

ते थांबले. "चार का कापलेस?"

"दोन तुमच्या वयाचे. दोन तुमच्या हट्टाचे. पट्टी बांधली की स्वस्थ पडून राहायचं असतं, आणि ते तुम्हाला जमणार नाही." खरं तर जिभेवर सोळा होते. आईशप्पथ सांगते, सोळा म्हणावेसे वाटत होते मला, ओरडून. पण त्या माणसाला आता माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती सोळा नव्हती.

भाऊ परत टेबलावर चढून बसले. डॉक्टरांना म्हणाले, "हिचा अंदाज घ्या लिहून. तुमच्यापेक्षा बरा आहे."

ऑपरेशन झालं एका डोळ्याचं. त्या काळी डोळ्यात आत भिंग बसवायची सोय इकडे नव्हती. पट्टी, पडून राहणं आणि दीड महिन्याने जाड चष्मा. तोपर्यंत दिसेल की नाही, कुणालाच नक्की सांगता येईना. घरी आणल्यावर पहिल्याच द्वादशीला भाऊ म्हणाले, "जा. बघून ये." मी एकटीच गेले. आल्यावर त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं. कोरल नाही. तुतवार आठ, पोटं विटकरी झालेली, म्हणजे निघायच्या तयारीत. धोबी गेले. शेकाट्या पाच. थापट्या नाही, रोहित नाही, कोणी नाही. प्रत्येक "नाही"ला भाऊ पट्टीखालून मान हलवायचे, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान की जणू मी प्रसाद वाटतेय. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

चष्मा आला तो पावसाळा तोंडावर आल्यावर. बाटलीच्या बुडासारख्या काचा. भाऊंनी तो कानांवर अडकवला, खोलीभर बघितलं, मुलाकडे बघून "टक्कल पडायला लागलं की रे तुला" म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. त्यांनी मला कधी नीट बघितलंच नव्हतं. तीन वर्षं त्यांच्या घरात होते मी. काचांमागे त्यांचा डोळा केवढा मोठा दिसत होता! मी पदर सावरला. उगाच.

"अगं, तू तर एवढीशी पोर आहेस," भाऊ म्हणाले. "आवाजावरून मला थोराड वाटलेलीस."

नवरा खो खो हसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढे बसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, बांधावर जायचं. द्वादशी नव्हती, भरतीही नव्हती. मिठागराचं काम संपलेलं, पाण्याची दारं उघडी टाकून पाणी काढून दिलेलं, मिठाचे ढीग पेंढ्याने झाकलेले. म्हटलं, "अहो भाऊ, आता काय आहे तिथे? पाखरं कधीच गेली." ऐकतील तर ना. छत्री घेतली आणि निघालेच. हात माझ्या खांद्यावर नव्हता. ते पुढे आणि मी मागे, आणि बघता बघता ते कुठल्या कुठे पोहोचले.

बांधावर मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ऊन रणरणत होतं. डावीकडून उजवीकडे सगळं बघितलं आणि म्हटलं, "काही नाही, भाऊ."

भाऊंनी चष्मा नाकावर नीट बसवला. नवीन काचांतून कडेचं दिसत नाही, म्हणून अख्खी मान वळवून एकेक कप्पा बघत गेले. पहिला, दुसरा, पलीकडचा बांध, तिवरांची कड, परत पहिला. एवढा वेळ कशाला लावतायत तेच मला कळेना.

मग ते हसायला लागले. आधी बारीक, मग मोठ्याने, छत्री हलवत, अगदी पोरासारखे.

"खरंच की गं!" भाऊ म्हणाले. "एक पाखरू नाय!"